चार्ज कोणताही चालेल

"तुझं उत्तर बरोबर असेल बेटा, मी कुठं नाही म्हणालो? पण ते चूक आहे."

हत्तरगे सर हे इतक्या मायेनं बोलले की प्रणितीच्या आईने मान डोलावली. प्रणितीने डोलावली नाही. ती सरांच्या टेबलावरच्या प्रश्नपत्रिकेतल्या एका गणितावर बोट रोखून उभी होती: दोन विद्युतभारांच्या मधला तिसरा किती हवा? मी दाराजवळ उभा होतो, कारण सरांच्या केबिनमध्ये शिक्षकांना बसायला खुर्ची नसायची. खुर्च्या पालकांसाठी होत्या.

"सर, पण यात 'फिक्स' लिहिलंय," प्रणिती म्हणाली. "दोन्ही चार्ज फिक्स. मग ते हलणारच नाहीत. फक्त मधला समतोलात राहायला पाहिजे. तो कितीचाही असला तरी राहतोच की."

"बरोबर. पण आपली ट्रिक काय सांगते?"

"वजा चार क्यू बाय नऊ."

"आणि आन्सर की काय सांगते?"

"तेच."

"मग?" सरांनी दोन्ही हात पसरले. ट्रिक सरांची, आन्सर की पण सरांचीच, दोघींचं एकमेकींशी पटतंय, आता आणखी कुणाची साक्ष काढायची, असा त्यांचा चेहरा होता.

हे सगळं लातूरचं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, परभणीहून एमएस्सी करून आलो होतो, आणि तेजोवलय अकॅडमीत फिजिक्स शिकवायला लागून मला जेमतेम एक उन्हाळा झाला होता. तिथे कुणाला नाव नसायचं, आद्याक्षरं असायची. शिवहार हत्तरगे म्हणजे एसएच सर. मी उन्मेष तळणीकर, म्हणून यूटी सर. एसएच सरांचा फोटो शहरातल्या प्रत्येक मोठ्या चौकात फ्लेक्सवर होता, हाताची घडी घातलेला. माझा फोटो अकॅडमीच्या ओळखपत्रावर होता आणि त्यात माझे डोळे मिटलेले होते.

समतोलाच्या गणितांवर सरांचा फार जीव. रेघेवर दोन चार्ज ठेवायचे, मध्ये तिसरा टाकायचा आणि तिघेही जागचे हलणार नाहीत असं बघायचं. मी ते शिकवायचो तेव्हा प्रत्येक चार्जवर कोण कुठून ढकलतंय ते काढायचो, बेरीज शून्य करायचो, आणि फळा भरायचा. सरांना हे बघवत नसे. त्यांची एसएच ट्रिक म्हणजे दोघांचा गुणाकार वर, वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग खाली, पुढे उणे चिन्ह, संपलं. ते शिकवताना सर एक हात वर, एक हात खाली करून शेवटी हवेत आडवी रेघ मारत, आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर हात हलवत असे. पाहुण्यांना वाटायचं की योगासनं चालू आहेत.

ट्रिक बरोबरच होती, यात वाद नाही. फक्त तिन्ही चार्ज मोकळे असले तर. दोघे खिळ्याने ठोकले असतील तर तिचा काही संबंध उरत नाही, पण हे सांगायला वेळ लागतो आणि वेळ वाचवण्यासाठीच तर ट्रिक होती.

"काय आहे ताई," सर प्रणितीच्या आईकडे वळले, "लेकरू हुशार आहे. समजलंय तिला सगळं. तोच घोटाळा झालाय."

आई पदर सावरत म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाई सर. पर ही म्हणायली की कोणताही चालेल. आता कोणताही चालेल असं कुठं उत्तर असतंय व्हय? उद्या लग्नाच्या टायमाला बी असंच म्हणंल."

सर मोकळेपणाने हसले. मीही हसलो, कारण सर हसले होते. प्रणिती नाही हसली.

मामला साधा होता. त्या परीक्षेवरून अकॅडमीची पहिली तुकडी, म्हणजे आर्यभट्ट बॅच, ठरणार होती. प्रणिती गित्ते तिच्यातून अगदी थोडक्यात हुकली होती. तो एक प्रश्न बरोबर धरला असता तर ती आत होती. आणि आत नसेल तर तिच्या वडिलांचा निरोप आलेला होता की खोली सोडा, सामान बांधा आणि अहमदपूरजवळच्या आपल्या गावी परत या. लातुरात अशा शेकडो आया पोरांना रांधून घालायला एकेका खोलीत येऊन राहिलेल्या असतात, तशीच ही माउली वर्षभर स्टोव्ह, दोन पातेली आणि एक पोरगी घेऊन राहिली होती. गावाजवळच्या कॉलेजात फिजिक्सला शिक्षकच नव्हता.

"यूटी सर," हत्तरगे सर म्हणाले, "तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "सर, प्रश्नात फिक्स असेल तर मुलीचं उत्तर..."

"असेल तर," सर म्हणाले. "बघू आपण."

अकॅडमीची एक पद्धत होती, ती मला त्या दिवशी कळली. तेजोवलयमध्ये की कधीच चुकत नसे. कीशी प्रश्न जुळला नाही तर प्रश्न दुरुस्त करायचा. परीक्षा होऊन, निकाल लागून, पेढे वाटून झाल्यावरसुद्धा. संध्याकाळी जिन्यात नोटीस लागली: 'सर्व विद्यार्थ्यांनी सदर प्रश्नात "फिक्स" हा शब्द नव्हता असे समजावे.' खाली सही आणि गोल शिक्का. छापलेला शब्द मागच्या तारखेपासून गायब करणारी ही एवढी एकच संस्था माझ्या बघण्यात आहे.

मी केबिनमध्ये परत गेलो. म्हटलं, "सर, की बदलली तर काय बिघडतं? एका मुलीचा प्रश्न आहे."

सरांनी मला त्या दिवशी खुर्ची दिली. त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मला कळायला हवं होतं.

"एका मुलीचा?" ते म्हणाले. "तळणीकर, तुम्ही लई भोळे आहात. आर्यभट्ट बॅचच्या सगळ्या पोरांनी ट्रिक लावलीय. ज्याला ज्याला ट्रिक येते तो चुकलाय. की बदलली तर पयली बॅच खाली येईल आणि ज्यांना काहीच येत नव्हतं, ज्यांनी डोळे मिटून गोल रंगवला, ते वर जातील. त्या पोरांच्या बापांना तुम्ही तोंड देणार का?"

मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

"रविवारी शंकासत्र आहे. सगळ्या बॅचेस हॉलमध्ये असतील, पालक बी येतील. तुम्ही एमएस्सी आहात. फळ्यावर उभे राहा आणि वजा चार क्यू बाय नऊ कसं येतं ते समजावून सांगा. त्या पोरीचं पण समाधान होईल." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची नोकरी पर्मनंट करायची आहे यंदा. ध्यानात आहे माझ्या."

दुसऱ्या दिवशी मी डाउट काउंटरवर बसलो होतो. बँकेसारखी काच, काचेला अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून पोरं शंका सरकवायची. एकाची शंका संपायच्या आत मागचा खाकरायला लागायचा. गर्दी ओसरल्यावर भोकातून प्रणिती दिसली आणि तिच्या मागे आई.

"तू ट्रिक का नाही लावलीस?" मी विचारलं. "पाठ आहे ना?"

"लावणारच होते सर. हातही वर केला होता. मग वाटलं, ठोकून बसवलेल्या वस्तूला समतोल कशाला लागतो? खिळा आहे ना धरायला. मग एकट्या मधल्याचंच बघायचं. तर दोन्हीकडून त्याला ढकलणारं सारखं व्हायला पाहिजे, आणि त्याचा स्वतःचा चार्ज दोन्ही बाजूंना येतो, म्हणजे उडतो. मग तो किती का असेना. मोठ्यापासून दोन तृतीयांशावर उभा राहिला म्हणजे झालं." ती भोकाच्या आणखी जवळ आली. "मला लई छान वाटलं सर तेव्हा. म्हणजे पेपर चालू असताना."

मला शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की फिजिक्सच्या पेपरात छान वाटलं.

"सर," आईने भोकाजवळ तोंड आणलं. "खरं सांगा. हिचं बरोबर हाय का?"

"हो."

"अक्षी बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग मोठे सर चूक हाईत?"

मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर कॅमेरा होता. मी म्हणालो, "मोठे सर मोठे आहेत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला काच जरा जाड असती तर बरं असं वाटलं. "ह्यांचा फोन आल्ता," ती म्हणाली. "टेम्पो ठरवायलेत महिनाअखेरीला. मी म्हणलं, आईतवारपर्यंत दम धरा. आता तुम्ही बगा सर काय करायचं ते." आणि लेकीचा हात धरून निघून गेली.

रविवारी हॉल खचाखच भरला होता. पुढे आर्यभट्ट, मागे मी शिकवायचो ती भास्कर, त्याच्या मागे बाकीचे, ज्यांच्या तुकडीला कुणा शास्त्रज्ञाचं नाव द्यायचं राहून गेलं होतं. भिंतीला टेकून पालक. हत्तरगे सर शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, फ्लेक्समधून उतरून आल्यासारखे.

मी फळ्यावर रेघ ओढली. डावीकडे चार क्यू लिहिलं, उजवीकडे क्यू. आणि दोघांच्या डोक्यावर एकेक खिळा काढला.

"हे दोन्ही चार्ज कसे आहेत?"

"मोकळे!" हॉल एका सुरात ओरडला.

"पेपरात काय छापलंय?"

"फिक्स!"

"मग?"

"नोटीस आलीय सर!"

माझ्या पाचावर धारण बसली होती, हे मी लपवत नाही. खडूला घाम फुटला होता. पण तिसऱ्या की चौथ्या रांगेच्या मागे, जिथे भास्कर बॅच बसली होती, तिथे प्रणिती माझ्या खिळ्यांकडे टक लावून बघत होती. मी म्हणालो, "नोटीस भिंतीवर आहे. फळ्यावर खिळे आहेत. आपण फळ्यावरचं गणित करू."

आणि केलं. ढकलणाऱ्या दोन्ही बाजू मांडल्या, दोन्हीकडे येणारा मधल्या चार्जचा छोटा क्यू खोडला, जागा काढली. मग म्हणालो की हा छोटा क्यू आता कुठेच नाही, म्हणून तो कितीही असू द्या, धन असू द्या, ऋण असू द्या. तिघेही मोकळे सोडले तर मात्र वजा चार क्यू बाय नऊच हवा, आणि ट्रिक तिथली आहे. तेही करून दाखवलं. एवढं शांतपणे मी कधी शिकवलं नव्हतं. पोरांनाही कळत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पुढच्या रांगेतला ओजस बिडवे, अकॅडमीचा पहिल्या नंबरचा पोरगा, तोसुद्धा मान हलवत होता. सगळं कळल्यावर त्याने हात वर केला.

"सर, समजलं. म्हणजे आमचे मार्क जाणार का?"

मग जे व्हायचं ते झालं. पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. भिंतीजवळचे पालक बोलायला लागले. एक जण मोठ्याने म्हणाला की हे नवीन मास्तर कोण आहेत आणि यांना कुणी ठेवून घेतलं. गोंधळातून वाट काढत हत्तरगे सर स्टेजवर आले. माझ्या हातातला माइक त्यांनी असा अलगद घेतला की लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, मीच दिला.

"शांत बसा," सर म्हणाले. हॉल शांत झाला. "अभिनंदन! तेजोवलयच्या इतिहासातली पहिली सरप्राइज टेस्ट तुम्ही आत्ता दिलीत."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"प्रश्न मुद्दाम तसा टाकला होता. नोटीस पण मुद्दाम लावली. कोण डोळे उघडे ठेवतो, ते बघायचं होतं मला. यूटी सरांना सगळी कल्पना होती." त्यांनी माझ्याकडे पाहून प्रेमाने मान डोलावली. "निर्णय ऐका. वजा चार क्यू बाय नऊ लिहिलं त्यालाही चार मार्क. कोणताही चालेल लिहिलं त्यालाही चार मार्क. जे आर्यभट्टमध्ये आहेत ते तिथंच ऱ्हातील, आणि ज्यांचे मार्क वाढतील त्यांच्यासाठी एक बाक वाढवू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर, आणि त्यातलं एक चूक, यावर तिथल्या एकाही पालकाची हरकत नव्हती. भौतिकशास्त्र एवढं सर्वसमावेशक मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"गित्ते प्रणिती कुठाय? ये बेटा, स्टेजवर ये."

ती आली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फोटोवाल्याकडे बघून घेतलं, आणि माइक तिच्यापुढे धरला. "सांग सगळ्यांना. आपली कोणती ट्रिक लावलीस?"

प्रणितीने भिंतीकडे पाहिलं, जिथे आई उभी होती. आईचे हात जोडलेले होते, ते कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. बाक मिळालेला होता, पण अजून लेकीच्या नावावर झालेला नव्हता. काय म्हणायचं ते ठरलेलंच होतं आणि ते म्हणायला दोन शब्द पुरले असते. मी मनातल्या मनात म्हणालो, म्हण बाई, एसएच ट्रिक म्हण आणि मोकळी हो.

"ट्रिक नाही लावली सर," ती म्हणाली. "प्रश्न वाचला."

हत्तरगे सरांचं हसू क्षणभर जागच्या जागी थांबलं. पण क्षणभरच. मोठा माणूस उगाच मोठा होत नाही.

"लिहून घ्या!" सर गरजले. "नवीन ट्रिक! प्रश्न वाचणे!"

आणि मी देवाशपथ सांगतो, शेकडो पोरांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं. कुणीतरी मागून विचारलं, "सर, पूर्ण वाचायचा का?" दुसऱ्याने विचारलं, "एवढा वेळ मिळतो का सर मेन एक्झामला?" सर म्हणाले की ते पुढच्या रविवारी बघू.

सोमवारी मला केबिनमध्ये पुन्हा खुर्ची मिळाली, आणि चहासुद्धा.

"लई भारी समजावलंत काल," सर म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस वर्गात वाया जायलाय. आजपासून तुम्ही प्रश्नपत्रिका काढायच्या. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, फॅन, कॉम्प्युटर. पोरांचा त्रास नाही."

"आणि माझी बॅच?"

"भास्कर बॅचला आम्ही बघतो कुणीतरी. तुम्ही पोरांसमोर नका येऊ आता. तुमच्या भल्यासाठीच म्हणालोय." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि प्रश्नात फिक्स-बिक्स असलं काही नका घालत जाऊ."

बढती अशी होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे वर्षभराने तिथून मी बाहेर पडलो, आणि नंतर प्रणितीचा निकाल लागला तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो सरांच्या घडी घातलेल्या हातांच्या वर बरोबर मधोमध झळकला. त्याबद्दल मला तक्रार नाही. फ्लेक्सवाल्याला जागा भरायची असते.

पण त्या सोमवारी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरच्या फॅनखालून उतरलो, तर जिन्याच्या तळाशी दोघी मायलेकी उभ्या होत्या. हत्तरगे सरांनी दिलेलं आर्यभट्टचं नवं ओळखपत्र प्रणितीच्या गळ्यात होतं.

"सर, आज तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली. "तिकडं खाली भास्करवाले वाट बघत होते."

"मी आता शिकवत नाही. पेपर काढतो."

"आणि आर्यभट्टला फिजिक्स कोण घेणार?"

"एसएच सर स्वतः. ती बॅच ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत."

तिने ओळखपत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले होते, आणि आवाज इतका रागीट होता की जिन्यातून उतरणारी पोरं कठड्याला चिकटून गेली.

"मग मी भांडले कशाला?"

इतके दिवस मी समजत होतो की ती एका उत्तरासाठी भांडतेय, फार तर एका बाकासाठी. तिला शिकायचं होतं, एवढंच. आणि त्या भल्यामोठ्या इमारतीत, एवढ्या बॅचेसमध्ये, एवढ्या फ्लेक्सखाली, शिकायला आलेलं ते एकच माणूस असावं असं मला त्या क्षणी वाटलं. मला रडू येईल की काय, अशी भीती वाटली.

आईने लेकीचा दंड धरला. "भांडली म्हणून तर इथं ऱ्हायली ना गं," ती म्हणाली. "ह्यांना फोन केलाय मी. पयल्या बॅचला लागली म्हणून सांगितलं. टेम्पो परत धाडला त्यांनी, अन् गावात साखर वाटायलेत. आता ती दिवसा कुठं बसती अन् सांजच्याला कुणापाशी शिकती, ते ह्यांना गावाकडून दिसायलंय व्हय?" मग माझ्याकडे वळून, जणू भाजीवाल्याला उद्याची कोथिंबीर सांगावी तसं म्हणाली, "सर, उद्यापसून आमच्या खोलीवर या. मी तिथंच असते सैपाकाला. भाकर खाऊनच जायचं. न्हाई म्हणू नका."

मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खिशात दोन खडू टाकून त्यांच्या खोलीचा जिना चढलो. शेकडो पोरांच्या हॉलमध्ये उन्हाळाभर बोललो होतो, पण कुणाला तरी शिकवायला मी पहिल्यांदाच निघालो होतो, आणि दार वाजवण्याआधी मला बराच वेळ तिथे उभं राहावं लागलं.